सोसायटी ग्रुप : पॉवर बटण टेबलावर आणायचंय

बी-३०२ : नमस्कार मंडळी. आमच्या कॉम्प्युटरचं पॉवर बटण आत रुतून बसलंय. पेन्सिलीनं टोचलं तरच चालू होतो. दुरुस्तीवाला म्हणतो, कॅबिनेटच बदला. हिचे गुडघे दुखतात, टेबलाखाली वाकणं जमत नाही. नवं बटण टेबलाच्या कडेला बसवता येईल का?

ए-१०४ : काका, हात नका लावू हो. माझ्या भावाला बटण बदलताना जोरात झटका बसला होता.

सी-६०१ : ताई, तो खूप जुना कॉम्प्युटर असणार. जुन्या ‘एटी’ पद्धतीच्या कॅबिनेटमध्ये २३० व्होल्टची वायर थेट पुढच्या बटणापर्यंत यायची. इंटेलनं १९९५ मध्ये ‘एटीएक्स’ ही नवी पद्धत आणली, त्यात बटण फक्त मदरबोर्डला (आतल्या मुख्य सर्किट बोर्डाला) इशारा देतं. तिथे ५ व्होल्टच्या वर काही नसतं. काका, कॅबिनेट मुळीच बदलू नका!

बी-३०२ : पण बिघाड बटणातच आहे हे कशावरून?

सी-६०१ : पुढे रीसेटचं बटण आहे ना? आधी भिंतीतली पिन काढा. पिन लावलेली असेल तर बंद कॉम्प्युटरमध्येही एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) मदरबोर्डला ५ व्होल्ट देत असतो. मग बाजूचा पत्रा उघडा. मदरबोर्डच्या खालच्या कडेला बारीक वायरी दिसतील, त्यांचा फोटो काढून ठेवा. ‘पॉवर एसडब्ल्यू’ (म्हणजे स्विच) लिहिलेली वायर उपसून त्या जागी ‘रीसेट एसडब्ल्यू’ लावा. मग पिन लावून रीसेट दाबा, चालू झाला तर बिघाड पॉवरच्या बटणातच. दोन्ही बटणं एकाच जातीची, वायर उलटी लागली तरी चालतं. लाइटच्या वायरींना मात्र प्लस-मायनस असतं. एसएमपीएसचा डबा तेवढा कधीही उघडू नका.

डी-२०५ : बटण लॅमिंग्टन रोडला मिळेल. पण ‘पुश टू ऑन’, म्हणजे सोडलं की परत वर येणारं, असंच सांगा. मी दाबल्यावर दाबलेलंच राहणारं आणलं होतं. कॉम्प्युटर चालू व्हायचा आणि चार-पाच सेकंदांत बंद! दोन दिवस एसएमपीएसवर संशय घेत होतो.

सी-६०१ : बरोबर. ४ सेकंद दाबून धरलं की मदरबोर्ड सगळं तोडतो, सेव्ह न केलेलं काम जातं. म्हणूनच काकूंचं बटण टेबलाच्या वर नको, कडेखाली बसवू. पुस्तक किंवा कोपर त्यावर पडायला नको.

बी-३०२ : रीसेटनं झाला चालू!! पहिल्या दाबात. हिनं स्वतः दाबून पाहिलं.

सी-६०१ : वा! म्हणजे मदरबोर्ड ठणठणीत आहे. आता दोन पिनांचा कनेक्टर लावलेली लांब वायर मिळते, तीच आणा. मागच्या रिकाम्या स्लॉटची पट्टी काढून तिथून बाहेर घेऊ. रविवारी ड्रिल घेऊन येतो.

ए-१०४ : २ ते ४ ड्रिल नको हं, बाळ झोपतं.

सी-६०१ : हो ताई, ११ वाजता येतो. काका, काकूंना खुर्चीत बसवून हात सहज कुठे पोचतो तिथे खडूनं खूण करून ठेवा.

बी-३०२ : केली. डाव्या हाताला हवंय म्हणते, उजवीकडे माउस असतो.