अनुभव धागा: विदर्भातील शिळावर्तुळे तुम्ही पाहिली आहेत का?

जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड या नागपूर परिसरातील ठिकाणी धोंडे गोलाकार मांडून आत गोटे व माती भरलेली, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील दफने आहेत. ती पाहताना, खणताना किंवा शेतात आडवी आल्यावर आलेले अनुभव येथे लिहावेत, ही विनंती.

सुरुवात मीच करतो. जुनापाणीला सुमारे ३०० वर्तुळे आहेत हे वाचूनच गेलो होतो, तरी पहिला अर्धा तास एकही दिसले नाही, कारण मी उंच उभ्या शिळा शोधत होतो आणि समोर होते ते गवतातून जेमतेम गुडघ्याएवढे वर आलेले काळे धोंडे. ऊन उतरून सावल्या लांबल्या, तेव्हा कुठे गोलाई लक्षात आली. एका धोंड्यावर ओळीने वाटीसारखे खळगे कोरलेले होते. त्यांत अंगठा नेमका बसला. रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८७९ सालीच या खळग्यांविषयी लिहिले होते.

*

विद्यार्थिदशेत मी एका उत्खननात होते. माहुरझरीला १९७०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांना घोड्याच्या मुखावरचे तांब्याचे अलंकार मिळाले होते, त्यामुळे आम्हां सर्वांनाच घोडा हवा होता. वरचा गोट्यांचा थर काढण्यातच बरेच दिवस गेले. त्याखाली चिकट काळी माती लागली आणि तिच्यात हाडांचे तुकडे, पण इतके भुसभुशीत की कुंचला लागताच त्यांचे पीठ होत असे. घोडा मिळाला नाही. शेवटच्या आठवड्यात चाळणीत अकीकाचा एक तांबूस मणी आला. त्याचे भोक इतके बारीक की त्यातून सुई जाईना.

*

आमच्या शेतातले वर्तुळ आजोबांनी मोडले. वखराला अडतात म्हणून त्यांनी धोंडे धुऱ्यावर नेऊन टाकले. खळग्यांचा एक धोंडा मात्र गोठ्याच्या दाराशी आहे. पावसाळ्यात कोंबड्या त्यातले पाणी पितात.

*

वरील अनुभवासंदर्भात: जुनापाणीत खळग्यांचे धोंडे ठरावीक दिशांनाच आहेत, असे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अभ्यासकांना आढळले आहे. तुमचा धोंडा मुळात कोणत्या बाजूला होता, हे आजोबांना विचारता येईल का?

*

आजोबा आता नाहीत. वडिलांना विचारले, तर ते म्हणाले, “विहिरीकडच्या बाजूला होता.” ती विहीरही आता बुजवली आहे.