गाठ मोठी दिसली म्हणजे उपचार फसला असे नव्हे

मावशींच्या श्रवण-संतुलन चेतेवरील (ऐकणे व तोल सांभाळणाऱ्या नसेवरील) गाठीवर गामा नाइफचा, म्हणजे किरणांनी करायच्या रेडिओसर्जरीचा, उपचार झाला, पण आठ महिन्यांनंतरच्या एमआरआयमध्ये ती आधीपेक्षा मोठी दिसली आणि सगळे वाया गेले असे घरच्यांना वाटते, असे आपण लिहिले आहे. एवढ्यावरून हा निष्कर्ष काढू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. रेडिओसर्जरीत गाठ कापून काढत नाहीत. कोबाल्टच्या जवळपास दोनशे स्रोतांतील किरण एकवटून गाठीच्या कडेला साधारण १२ ते १३ ग्रे (किरणमात्रेचे एकक) मात्रा दिली जाते आणि पेशींची वाढण्याची क्षमता त्यानंतर हळूहळू खुंटते. पहिल्या दीडेक वर्षात गाठ तात्पुरती सुजणे नेहमीचे आहे. अशा वेळी गॅडोलिनियम (एमआरआयच्या वेळी शिरेतून देतात ते, गाठ उठून दिसावी यासाठीचे द्रव्य) न शोषणारा तिचा मध्यभाग काळसर दिसतो. अहवालात तसा उल्लेख आहे का, ते जरूर पाहावे. पुढच्या तपासणीची तुलना उपचाराच्या दिवशीच्या एमआरआयशीही करून घ्यावी. मात्र चेहऱ्याला बधिरपणा आला, तोल झपाट्याने बिघडला किंवा डोकेदुखीसोबत उलट्या सुरू झाल्या, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे.

ऐकण्याबाबत मात्र आशा बेताचीच ठेवावी. नॉर्वेतील बर्गेन येथे १०० रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, लगेच रेडिओसर्जरी केलेल्यांच्या गाठी चार वर्षांत आकसल्या, पण नुसत्या निरीक्षणाखाली ठेवलेल्यांपेक्षा त्यांची श्रवणशक्ती अधिक टिकल्याचे दिसले नाही.