प्रति सामना गुण पाहून बचाव जोखू नका
काही जण म्हणतात की अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये बचाव ढासळलाय, कारण प्रति सामना गुण जास्त दिले जातात. हा आकडा फसवा आहे. आक्रमण घाईघाईने खेळून तीन प्रयत्नांत पंट करत असेल (लाथेने चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे देत असेल), तर मिनिटभरात आपलाच बचाव पुन्हा मैदानावर. म्हणून गुण प्रति ड्राइव्ह, म्हणजे चेंडू ताब्यात असतानाच्या प्रत्येक सलग चढाईमागे मोजा. शिवाय आक्रमणाने खेळाडू बदलले नाहीत, तर बचावाला बदलासाठी वेळ मिळत नाही; दमलेला टॅकल (बचावाच्या पुढच्या फळीतला खेळाडू) तिथेच अडकतो.

नियमही आक्रमणाकडे झुकलेले आहेत. पास पुढे गेला तरी लाइनमन (आक्रमणाच्या पुढच्या फळीतले खेळाडू) ३ यार्डांपर्यंत पुढे गेलेले चालतात, एनएफएलमध्ये (व्यावसायिक लीगमध्ये) १ यार्डच. त्यामुळे आरपीओत (ऐनवेळी धाव की पास ठरवायच्या चालीत) लाइनबॅकरला, म्हणजे बचावाच्या मधल्या फळीतल्या खेळाडूला, धाव की पास हे कळेपर्यंत उशीर होतो. हॅश मार्कांत (मैदानावरच्या ज्या दोन खुणांच्या रांगांवर किंवा त्यांच्या मधून डाव सुरू होतो त्यांत) ४० फूट अंतर, म्हणजे चेंडू हॅशवर असला की एका बाजूला तब्बल १०० फूट मोकळं मैदान. सेफ्टीने (बचावात सर्वांत मागे उभ्या खेळाडूने) ते सांभाळायचं कसं?

तरीही जॉर्जिया विद्यापीठाने २०२१ मध्ये प्रति सामना सरासरी १०.२ गुणच दिले. उलट २०१९ च्या एलएसयूने (लुइझियाना स्टेट विद्यापीठाने) अलाबामाला ४१ गुण देऊनही ४६ करून सामना मारला. दोघेही आपापल्या मोसमाचे राष्ट्रीय विजेते!