वाईच्या बेकरीतला भट्टीचा पिझ्झा: पुण्याहून पाहुण्यांना मुद्दाम न्यावे का?

कोथरूडचा_वाईकर
माझे मूळ गाव वाई असून नोकरीमुळे बरीच वर्षे पुण्यात राहतो. गावात एक जुनी बेकरी आहे. तिथे सकाळी पाव आणि खारी भाजली जाते आणि संध्याकाळी लाकडावरच्या त्याच भट्टीत पिझ्झा केला जातो. जाड, किंचित गोडसर बूड, लसूण घालून आटवलेला टोमॅटो, वर कांदा, सिमला मिरची, बारीक चिरलेली हिरवी मिरची आणि किसलेले प्रोसेस्ड चीज असा हा प्रकार पुण्यात मला कुठेच मिळालेला नाही. येत्या शनिवार-रविवारी बहीण, मेहुणे, त्यांची मुले आणि आमच्या सासूबाई अशी मंडळी गावी येणार आहेत. भाच्याने बाणेर-बालेवाडीतले इटालियन पद्धतीचे पिझ्झे भरपूर खाल्ले आहेत आणि ज्याच्या चीजची तार निघत नाही तो पिझ्झाच नव्हे, असे त्याचे ठाम मत आहे. हा पिझ्झा इतका वेगळा का होतो, आणि एवढ्या लोकांना न्यायचे तर कोणत्या वेळी जाऊन काय मागवावे, हे जाणकारांनी सांगावे. बेकरीचे नाव मुद्दाम देत नाही. वाईकरांना ते सांगावे लागणार नाही.

भट्टीवाले
आमच्या घरात बेकरीचा व्यवसाय होता, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा साधारण ४३० ते ४८० अंश सेल्सिअसला अवघ्या ६० ते ९० सेकंदांत भाजला जातो, त्यामुळे पिठातले पाणी उडून जायच्या आतच कडा फुगतात आणि मधला भाग मऊ राहतो. पावाची भट्टी एवढी तापवत नाहीत, कारण त्या आचेवर लादी वरून करपेल आणि आत कच्ची राहील. सकाळचे काम उरकल्यावर भट्टीत जी धग उरते ती साधारण अडीचशे अंशांच्या आसपास धरली, तर पिझ्झा आत आठ-दहा मिनिटे ठेवावा लागतो. नेपल्सचे पीठ म्हणजे मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट, एवढेच. ते इतका वेळ भाजले तर वातड होईल. म्हणून आपले बेकरीवाले पिठात तेल आणि थोडी साखर घालतात. तेलाने बूड मऊ राहते आणि साखरेमुळे कमी आचेवरही रंग धरतो. तुम्हाला लागणारा गोडवा तिथून येतो.

चीजचे कारण वेगळे आहे. मोझरेला करताना दह्यासारखा जमलेला गोळा गरम पाण्यात ताणतात. प्रथिनांचे धागे तिथेच एका दिशेने लागतात आणि पुढे त्यांचीच तार निघते. प्रोसेस्ड चीजमध्ये सायट्रेट किंवा फॉस्फेट क्षार घालून ती रचना मोडलेली असते, त्यामुळे ते एकजीव मऊ होते, पण ताणले जात नाही. भाच्याचे निरीक्षण बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

वेळेबद्दल म्हणाल, तर भट्टी नुकतीच पुन्हा पेटवलेली असताना जाऊ नये. तेव्हा फरशी फार तापलेली असते आणि पहिल्या काही पिझ्झांचे बूड काळे पडते. आच स्थिरावू द्यावी. मात्र फार उशीरही करू नये, कारण उतरत्या धगीवर चीज नुसते सुकते.

चिकित्सक_पुणेकर
गावाचा अभिमान समजू शकतो, परंतु एक गोष्ट आधी पाहून घ्यावी. बूड तिथेच मळून भाजतात, की पिशवीतले तयार बेस आणतात? आपल्याकडच्या निम्म्याअधिक 'जुन्या चवीच्या' पिझ्झांत तयार बेस, सॉसच्या जागी केचप आणि वर किसलेले चीज, याहून अधिक काही नसते, आणि तेवढ्यासाठी खंबाटकी ओलांडून कोणी जाऊ नये. बेस तिथलाच असेल, तर मात्र अवश्य जावे.

औंधकर
प्रोसेस्ड चीजवरून नाक मुरडणाऱ्यांसाठी एक माहिती देतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात ओल्ड फोर्ज नावाचे सुमारे साडेआठ हजार वस्तीचे गाव आहे आणि ते स्वतःला जगाची पिझ्झा राजधानी म्हणवून घेते. तिथला पिझ्झा आयताकृती ट्रेमध्ये भाजतात आणि अनेक ठिकाणी चीजच्या मिश्रणात अमेरिकन प्रोसेस्ड चीज असते. त्या भागात राहत असताना मी तो आवडीने खाल्ला आहे. नेपल्सच्या कारागिरांच्या कलेला २०१७ साली युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले, ते योग्यच झाले, पण म्हणून बाकी प्रत्येक पिझ्झा नेपल्सच्या मापानेच मोजावा असे नाही. भाच्याला जाताना एवढेच सांगावे की हा भट्टीच्या पावाचा प्रकार आहे. तार शोधत बसू नकोस.

मागवताना पहिला पिझ्झा फक्त कांदा आणि हिरवी मिरची घातलेला घ्यावा. भाज्यांची गर्दी झाली की त्यांचे पाणी सुटते आणि इतक्या कमी आचेवर ते आटत नाही.

कोथरूडचा_वाईकर
सर्वांचे आभार. बेस तिथलाच आहे. दुपारी ताटांत फुगत ठेवलेले पीठ मी पाहिले आहे. रविवारी परतताना खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर अडकायला नको म्हणून शनिवारीच संध्याकाळी जाऊ. आता एकच अडचण उरते. सासूबाई चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत. त्यांच्यासाठी काय करावे?

भट्टीवाले
टोमॅटो सकाळीच लसूण घालून आटवलेला असणार, त्यामुळे ऐन वेळी सांगून उपयोग नाही. आदल्या दिवशी फोन करून एका पिझ्झापुरते साधे पीठ आणि ताज्या टोमॅटोच्या चकत्या बाजूला ठेवायला सांगावे. चकत्यांना मीठ लावून थोडा वेळ निथळू द्यावे, म्हणजे बूड ओले होणार नाही. आणि त्यांचा पिझ्झा सर्वांत आधी भाजून घ्यावा, कारण नंतर फरशीवर इतरांचा लसूण सांडलेला असतो.