अनुभव धागा : आपल्याला खरंच काय येतं, हे कसं ओळखायचं? (इंदूरकरांकडून)

दहावीतल्या मुलापासून निवृत्त काकांपर्यंत कोणालाही विचारा, ‘तुम्हाला काय छान जमतं?’ आधी ‘छे, विशेष काही नाही’ हेच ऐकू येतं. नम्रता आपल्या घरांत मुरलेली आहे आणि ती असावीच, पण तिच्यापायी काखेतला कळसा काखेतच राहतो. माणसांची जमेची बाजू हुडकणं हे ज्यांचं रोजचं काम आहे, अशा आपल्या गावातल्या मंडळींना म्हणून मुद्दाम बोलावलं आहे. विनंती एकच : स्वतःची कहाणी नको, रीत सांगा. काय करायचं, किती दिवस आणि कुठे फसतं.

शाळेत समुपदेशन करते, राजेंद्रनगर

सुरुवात वहीपासून करा. साधी शंभर पानी वही, २१ दिवस, रोज तीन ओळी. प्रत्येक ओळीत चार गोष्टी : काय केलं, किती वेळ लागला, काम स्वतः घेतलं की कोणी आपणहून आणून दिलं, आणि संपल्यावर तरतरी होती की थकवा. एक ओळ दुपारच्या जेवणानंतर लिहा, उरलेल्या दोन रात्री. सगळं रात्रीवर टाकलं की दिवसातलं भांडण आणि कौतुक तेवढं आठवतं, मधलं साधं काम गळून जातं. आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

नियम एकच, पण तो कडक पाळा : विशेषण लिहायचं नाही, क्रियापद लिहायचं. ‘मी प्रेमळ आहे’, ‘मी मेहनती आहे’ यातून हाती काही लागत नाही. ‘समजावलं’, ‘मोजलं’, ‘जुळवलं’, ‘थांबवलं’ असं लिहिलं की माणूस दिसायला लागतो.

उदाहरण घेऊ. रविवारी सकाळी घरी ४० माणसं पोह्यांना येणार. घरातली सून वहीत लिहिते, ‘पोहे केले, छान झाले.’ तिला विचारायचं, अगं पण नेमकं काय काय केलंस? मग एकेक निघतं. किलोला दहा-बारा प्लेटी धरून साडेतीन ते चार किलो जाडे पोहे काढले. दोन खेपांत भिजवले, कारण एकदम भिजवले की तळाचे गिच्च होतात. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफेला ठेवले, म्हणजे उशिरा येणाऱ्यालाही गरम मिळतील. शेव, जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला), कांदा आणि लिंबाच्या फोडी वेगळ्या ठेवल्या, कारण आधी कालवलं की शेव मऊ पडते. आता यातली क्रियापदं बघा : अंदाज बांधला, खेपा पाडल्या, अडचण आधीच हेरली. ती सुगरण आहेच, पण तिचं बळ नियोजनात आहे, आणि ते दुकानाच्या मालखरेदीत किंवा दवाखान्याच्या कामाच्या पाळ्या लावतानाही तितकंच उपयोगी पडेल. ‘सुगरण’ या शब्दावर थांबलो तर ते कधीच कळलं नसतं.

बाविसाव्या दिवशी लाल पेन घेऊन बसा. साठेक ओळी असतील. एकच क्रियापद सहा-सात वेळा आलं आणि बहुतेक ठिकाणी पुढे ‘तरतरी’ असेल, तर ती तुमची जमेची बाजू. वारंवार आलं, पण पुढे ‘थकवा’, तर ते कौशल्य आहे. जमतं, गरज पडली तर वापरावं, पण करिअर त्यावर बेतू नये. गणितात ९५ गुण असलेली कितीतरी मुलं या दुसऱ्या खान्यातली असतात, आणि पालकांना हे पटवणं हा आमच्या कामाचा सगळ्यात अवघड भाग.

वही साधारण नवव्या-दहाव्या दिवशी सुटते. सुटली तर मागचे दिवस आठवून भरू नका. ते रकाने कोरे ठेवा आणि पुढे चला.

कारखान्यात मनुष्यबळाचं काम बघतो, पीथमपूर

वहीला जोड म्हणून दुसऱ्यांना विचारा. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी बसवलेली एक पद्धत आहे : ओळखीच्या १० ते २० माणसांकडून तुमच्या हातून उत्तम झालेल्या कामाचे प्रसंग मागवायचे. मत मागायचं नाही, प्रसंगच मागायचा. ‘मी कसा आहे?’ विचारलंत तर ‘खूप मनमिळाऊ’ एवढंच येईल. निरोप साधारण असा पाठवा :

‘नमस्कार मामा, एक छोटं काम आहे. माझ्या हातून नीट झालेलं आणि तुम्ही स्वतः पाहिलेलं एखादं काम आठवतं का? केव्हा, कुठे आणि मी नेमकं काय केलं, एवढं चार ओळींत लिहाल का? स्तुती नको, फक्त घडलेलं. रविवारपर्यंत पाठवलंत तर बरं होईल.’

घरची चार-पाच माणसं, कामावरची चार-पाच, उरलेले जुने शिक्षक, मित्र, शेजारी. सगळे घरचेच घेतले की उत्तरं एकसारखी येतात. आठवण एकदाच करा. वडीलधारी मंडळी तोंडावर कौतुक करत नाहीत, दृष्ट लागेल म्हणून. त्यांना लिहायला सांगू नका, फोन करा आणि प्रश्न फिरवून विचारा : ‘काकू, कोणतं काम निघालं की तुम्हाला माझी आठवण होते?’ याचं उत्तर त्या लगेच देतात.

वाचताना एकच बघायचं. एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघांनी तेच सांगितलं का? सासूबाई, ऑफिसातला सहकारी आणि कॉलेजातली मैत्रीण तिघंही ‘भांडण चाललं होतं तेव्हा तू दोघांचं ऐकून घेतलंस’ म्हणत असतील, तर ते खरं धरा, तुम्हाला ते कितीही क्षुल्लक वाटो. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम यांनी १९५५ साली मांडलेल्या ‘जोहारी खिडकी’त चार कप्पे आहेत. त्यातला एक खास याच गोष्टींसाठी आहे : इतरांना दिसणाऱ्या, आपल्याला न दिसणाऱ्या.

मुलाखतीला येणाऱ्यांसाठी थोडं जास्तीचं. ‘तुमची बलस्थानं सांगा’ म्हटल्यावर गुण मोजू नका. एक काम, त्यात तुम्ही केलेली कृती, त्याने काय बदललं, तेही आकड्यात; सगळं दीड मिनिटात. घरी फोनवर रेकॉर्ड करून ऐका. ‘आम्ही’ किती वेळा आलं ते मोजा. आपल्याकडे ‘मी’ म्हणायला संकोच वाटतो, आणि मग समोरच्याला कळतच नाही की तुम्ही त्यात काय केलंत.

गाणं शिकवते, रामबाग

गाण्यात ‘स्वतःचं’ म्हणजे आधी स्वतःची पट्टी, म्हणजे आपण ज्या उंचीवर सा धरतो ती. मुली आवडत्या गायिकेच्या ध्वनिमुद्रणाची पट्टी धरतात, तार सप्तकात गळा आवळतो आणि मग म्हणतात, बाई, माझा आवाजच चांगला नाही. आवाज चांगला असतो, पट्टी उसनी असते.

शोधायची रीत अशी. उठल्यावर निदान एक तास जाऊ द्या, कोमट पाणी प्या. तंबोऱ्याचं ॲप बायकांनी काळी चारवर (पेटीची चौथी काळी पट्टी) लावावं, पुरुषांनी काळी एकवर. ‘आ’ म्हणत सा धरून खाली मंद्र पंचमापर्यंत जा, मग वर तार गंधारापर्यंत. खालचा पंचम हवेत विरला तर पट्टी अर्ध्या स्वराने वर न्या. वरच्या गंधाराला हनुवटी उचलली गेली, मानेची शीर दिसली, तर अर्ध्या स्वराने खाली. समोर आरसा ठेवा. कानाच्या आधी मान सांगते. सलग आठ दिवस एकाच वेळेला करा, सर्दी असताना मुळीच नको. दोन्हीकडे अडत असेल तर मधली पट्टी धरून काही महिने मंद्राचा रियाज करा, खालची जागा हळूहळू मोकळी होते.

मग दमाचं माप. घड्याळ लावून एक सा किती सेकंद स्थिर राहतो ते बघा. १२ सेकंद राहत असेल तर आलापाची वाक्यं १० सेकंदांची बांधा. उसन्या २० सेकंदांच्या वाक्यात शेवटचा स्वर हमखास उतरतो, कारण तिथे दम संपलेला असतो.

देवास इथून तासाभरावर. कुमार गंधर्व लहानपणी मोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गात, त्यावरच त्यांचं नाव झालं. १९४८ साली क्षयाच्या आजारात ते देवासला आले. काही वर्षं गाणं बंद राहिलं, एक फुप्फुस निकामी झालं. पुन्हा गायला लागले तेव्हा त्या गाण्यात लहान, ठसठशीत स्वरवाक्यं होती, आणि आजारपणात कानावर पडलेली माळव्याची लोकगीतंही. नक्कल करण्याची विलक्षण ताकद असलेल्या गळ्याने शेवटी स्वतःच्या श्वासाच्या मापाचं गाणं बांधलं. आपल्याच इंदुरात वाढलेल्या उस्ताद अमीर खाँसाहेबांनी चौदा मात्रांच्या झूमरा तालात संथ बढत, म्हणजे राग सावकाश फुलवत नेणं, आपलीशी केली. ती ऐकावी, पण प्रत्येक गळ्याला शोभेलच असं नाही.

अनुवाद आणि सूत्रसंचालन करतो, लोकमान्यनगर

पुण्याहून पाहुणे आले की इंदूरचा मराठी माणूस अर्ध्या आवाजात बोलतो. ‘मी जेवण करून राहिलो’ म्हटलं तर हसतील ही धास्ती. ती घालवायला घरातलं पाच मिनिटांचं बोलणं, सगळ्यांना सांगून, रेकॉर्ड करा. शब्दन् शब्द कागदावर उतरवा आणि तीन रंगांनी खुणा करा : प्रमाण मराठी, हिंदीची घडण, माळवी शब्द. बहुतेकांना धक्का बसतो, कारण पहिला रंग वाटतो त्यापेक्षा कितीतरी जास्त निघतो. अर्ज, निबंध, बातमी यांत प्रमाण मराठी लिहा. घरात आजीशी बोलता तसंच बोला, ते बदलायचं काही कारण नाही.

आता हेच बळ आहे का ते तपासा. शंभरेक शब्दांचा मराठी उतारा बघत बघत मोठ्याने हिंदीत सांगा, मग तो हिंदीतून परत मराठीत. किती ठिकाणी अडलात ते मोजा. तीन-चारच ठिकाणी अडला असाल तर दुभाष्याचं काम शिकण्यासारखं आहे. रुग्णालयात, बँकेत, वकिलाकडे याची गरज पडते. फसगत होते ती सारख्या दिसणाऱ्या शब्दांत. हिंदीतली ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, ‘आपत्ति’ म्हणजे हरकतही, ‘यातायात’ म्हणजे रहदारी, ‘संसार’ म्हणजे जग. दोन्ही भाषांत वाढलेल्यालाच इथे खड्डा आधी दिसतो. असे निदान ३० शब्द स्वतःच्या वहीत जमवा. आणि घरात आजोबांकडून कोणी मोडी शिकलं असेल तर तेही यादीत लिहा. होळकरांचा कारभार मोडी लिपीतल्या मराठीत चालायचा.

एक मानसशास्त्र शिकवणारी, स्नेहलतागंज

स्वभाव सांगणाऱ्या ऑनलाइन चाचण्यांबद्दल थोडक्यात. १९४८ साली मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि निकाल म्हणून सगळ्यांना एकच मजकूर दिला. तो आपल्याला किती लागू पडतो याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. त्यामुळे निकाल वाचून ‘अगदी मीच!’ वाटलं तर तोच मजकूर शेजारच्याला वाचून दाखवा. त्यालाही तसंच वाटलं तर चाचणी सोडून द्या.

पीटरसन आणि सेलिगमन या मानसशास्त्रज्ञांची २००४ सालची २४ स्वभावगुणांची यादी मात्र कामाची आहे. ती स्वतःला किती लागू पडते त्या क्रमाने लावा, तिच्यातले वरचे पाच घ्या, तळाच्या पाचांना दोष समजू नका. पुढचं पाऊल बहुतेकजण विसरतात : आठवडाभर रोज त्यांतला एक गुण नव्या जागी वापरायचा. २००५ सालच्या प्रयोगात असं करणाऱ्यांना सहा महिन्यांनंतरही मनःस्थितीत फरक जाणवत होता. गुण नुसते ओळखून थांबलेल्यांवरचा परिणाम टिकला नाही.

गणेशोत्सवाचं काम बघतो, सुदामानगर

दहा दिवसांचा गणपती ही यासाठी उत्तम जागा आहे. पहिले तीन दिवस कामं रोज बदला : वर्गणीचा हिशेब, सजावट, माईक, प्रसाद, लहान मुलांच्या स्पर्धा. चौथ्या दिवशी प्रत्येकाला चिठ्ठीवर दोनच गोष्टी लिहायला सांगा, कोणतं काम परत हवं आणि कोणतं नको. फसतं ते वाटणी वय आणि बाई-पुरुष बघून केली की. हिशेब काकांकडे आणि प्रसाद काकूंकडे गेला की नवीन काहीच कळत नाही. नको ते काम नाकारायचं वाक्यही आधी ठरवून ठेवा. ‘काका, माईकवर मी नको, जमाखर्च मात्र माझ्याकडे द्या.’ नकाराबरोबर दुसरं काम उचललं की कोणी दुखावत नाही. मात्र दहाव्या दिवशी कोणतंही काम एकट्याकडेच अडकलेलं नसावं. ज्याला जमतं त्याच्यावर सगळे सोडून देतात, आणि पुढच्या वर्षी तो येत नाही.

प्रश्न, अन्नपूर्णा रोडवरून

समुपदेशक ताई, रोज लिहायला जमत नाही. आवाजात रेकॉर्ड करून ठेवलं तर चालेल का?

शाळेत समुपदेशन करते, राजेंद्रनगर

चालेल. प्रत्येक नोंद ४० सेकंदांच्या आत ठेवा, लांबलं की त्यात समर्थन शिरतं. फाइलीला तारखेचं नाव द्या. दर रविवारी ऐकून फक्त क्रियापदं आणि ‘तरतरी’ किंवा ‘थकवा’ वहीत उतरवा. नुसतं रेकॉर्ड करून ठेवलं तर २१ दिवसांनी परत कोणी ऐकत नाही. आणि ऐकताना आवाजाकडेही लक्ष द्या. कोणत्या कामाबद्दल सांगताना तो चढतो, त्याच्यासमोर बाण काढून ठेवा.