मदत हवी आहे: 2000 सालानंतर कृष्णेच्या पाण्यावरचा आपला हक्क संपला, हे खरं आहे का?

नमस्कार मंडळी,

मी सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याच्या पूर्व भागातली, अगदी सीमेलगतच्या गावची. येत्या ग्रामसभेत म्हैसाळच्या विस्तारित योजनेबद्दल (कृष्णेचं पाणी पंपानं उचलून आणायची योजना) निवेदन द्यायचं ठरलंय, मसुदा माझ्याकडे आलाय आणि पहिल्याच परिच्छेदाला मी अडलेय.

पारावर दोन गोष्टी ठासून सांगितल्या जातात. एक, "बच्छावत लवादानं (राज्यांतला पाणीतंटा सोडवणाऱ्या न्यायमंडळानं) दिलेलं पाणी 2000 सालापर्यंत अडवायचं होतं. आपण अडवलं नाही, हक्क गेला." दुसरी, "नव्या लवादानं 666 टीएमसी (अब्ज घनफूट) दिलंय, पाणी मुबलक आहे, आडवं येतंय ते कर्नाटक." दोन्ही एकदम खऱ्या कशा असतील? शिवाय निवेदनात एक वाक्य जरी चुकीचं गेलं, तर त्यावरच बोट ठेवून सगळा कागद बाजूला सारला जातो.

मी वाचलंय ते असं. बच्छावत लवाद 1969 ला नेमला, 1973 ला निवाडा आला. 75 टक्के विश्वासार्हतेनं, म्हणजे शंभरातली 75 वर्षं तरी नदीत मिळेल असं, 2060 टीएमसी धरून महाराष्ट्राला 560, कर्नाटकाला 700 आणि तेव्हाच्या आंध्रला 800. सिंचनातून झिरपून नदीत परत येणारं पाणी धरलं की आपले 585 होतात. पुढे 2004 ला ब्रिजेशकुमार लवाद, त्याचा 2010 चा निवाडा, त्यात आपले 666. मग आज कोणता आकडा चालतो? आणि 2000 ची भानगड नेमकी काय?

एक सांगते, म्हणजे उत्तर देताना लक्षात राहील. आमच्या घरात निम्मं बोलणं कानडीत चालतं. आत्या विजापूर जिल्ह्यात दिलीय. तिकडे कर्नाटकच्या तुबची-बबलेश्वर उपसा योजनेचं पाणी फिरतं, आणि आमच्याकडे उन्हाळा लागला की टँकरची वाट बघायची. टँकर आला की आधी घागरी, मग बॅरल, जनावरांचं सगळ्यात शेवटी. 2022 च्या अखेरीस त्याच योजनेचं पाणी सीमा ओलांडून आमच्या भागात आलं, तेव्हा "कर्नाटकात जाऊ" ही भाषा पुन्हा जोरात सुरू झाली. पाण्यासाठी राज्य बदलायची भाषा माणसं उगाच करत नाहीत. म्हणून "कर्नाटकानं पाणी पळवलं" छापाचं काही मला लिहायचं नाही. जे हक्काचं आहे ते नेमक्या शब्दांत मागायचंय.

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद (कराडहून)

ताई, पाटबंधारे खात्यात नोकरी झाली माझी, म्हणून लिहितो.

हक्क संपल्याची गोष्ट चुकीची आहे. पण ती हवेतून आलेली नाही. बच्छावत निवाड्यात कलम आहे की 31 मे 2000 नंतर या वाटपाचा फेरविचार करता येईल. त्यालाच जोडून असंही आहे की, वाट्याच्या आत राहून एखाद्या राज्यानं वापर सुरू केला असेल, तर फेरविचारात शक्यतो त्याला धक्का लावू नये. म्हणजे मुदत संपून पाणी जप्त होणार नव्हतं, पण वापरात आलेलं पाणी जास्त सुरक्षित होतं. धावपळ झाली ती यामुळे. 1996 ला कृष्णा खोरे विकास महामंडळ काढलं, रोख्यांतून पैसा उभा केला. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांच्या कामांना त्या वेळी जोर आला.

666 निवेदनात लिहू नका. 1956 च्या कायद्याप्रमाणे लवादाचा निवाडा केंद्राच्या राजपत्रात यावा लागतो, तेव्हा तो लागू होतो. ब्रिजेशकुमार निवाडा राजपत्रात छापायला सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2011 मध्ये स्थगिती दिली. म्हणून आधार 585 चाच घ्या. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची 519.60 मीटरवरून 524.256 करायची मुभाही त्याच निवाड्यातली. तो सांगलीच्या पुराच्या भीतीचा विषय आहे, मोठा आहे, पण तुमच्या कागदात मिसळू नका. तुमची मागणी पातळ होईल.

आणखी एक, हे माझं मत समजा. आपल्या वाट्यातलंच 67.5 टीएमसी कोयनेतून वीज करून पश्चिमेला सोडायची मुभा बच्छावतनं दिलीय. ते पाणी चिपळूणकडे वाशिष्ठीत उतरतं, परत कृष्णेत येत नाही. वीज लागते हे मान्य. पण जतला पाणी का नाही याचं उत्तर शोधताना आधी राज्यातलं वाटप बघावं लागतं, सीमेपलीकडे बोट दाखवण्याआधी.

म्हणून निवेदनात लवादाचा इतिहास चार ओळींत उरका. 585 पैकी विस्तारित म्हैसाळसाठी किती पाण्याची तरतूद आहे, ती कोणत्या आदेशानं, आणि सध्याच्या योजनेतून गेल्या पाच वर्षांत दरसाल किती उपसा झाला, हे लेखी मागा. उपसा योजनेत पाणी मंजूर असून पंप बंद राहतात, वीजबिलापायी. तो खर्च कोण भरणार हेही त्याच कागदात विचारा.

मूळ प्रश्नकर्ती

काका, मनापासून आभार. पहिला परिच्छेद पूर्ण बदलतेय, 666 काढून टाकलं. उपशाचे आकडे माहिती अधिकारातही मागते. आता एवढंच, 31 मे 2000 च्या त्या कलमाचा मराठी अनुवाद कुणाकडे असेल तर इथे टाका. ग्रामसभेत ते मोठ्यानं वाचून दाखवायचंय, आणि मग कानडीतही सांगायचंय.