पगाराआधी पगार देणारं अ‍ॅप कंपनीत घ्यावं का? सल्ला हवाय

चाकणचा_एचआर
नमस्कार मंडळी. चाकणला आमचं छोटं प्रेस शॉप आहे, 180 माणसं, निम्मी ठेकेदाराची. पगार 7 तारखेला होतो पण 20 तारीख उलटली की माझ्या टेबलासमोर रांग लागते, साहेब हजार द्या, पोरीची फी भरायचीय, गॅस संपलाय. परवा एक अ‍ॅपवाला आला होता, म्हणे जितके दिवस हजेरी लागली त्या पगारातले निम्मे पैसे कामगार मोबाईलवरून कधीही काढेल, कंपनीला खर्च शून्य, कामगाराला दर वेळी फक्त 29 रुपये. मालक लगेच हो म्हणाले (शून्य खर्च ऐकलं की ते कशालाही हो म्हणतात). मला कळेना याला उचल म्हणायचं की कर्ज. कोणी वापरलंय का?

हिशेबनीस
2000 काढले, पगाराला 10 दिवस राहिलेत, फी 29, म्हणजे वर्षाचा दर 53 टक्के झाला. आणि माणूस 500 च काढतो हो, तिथे हाच दर 210 च्या वर जातो. फी 29 च, म्हणून कुणाला टोचत नाही, एवढंच.

लेथवाला_भोसरी
हिशेबनीस दादा गणित बरोबर आहे तुमचं, पण आमच्या गल्लीत 2000 ला महिन्याचे 200 घेतात, दहा दिवसात परत केले तरी 200 च, त्यापुढे 29 स्वस्तच वाटणार ना. मी वापरलंय, आधीच्या कंपनीत. पहिले दोन महिने भारी वाटलं, मग 7 तारखेला पगार निम्माच हातात आला म्हणून 12 ला परत काढले, मग 18 ला. सवय लागते. मी बीडचा, घरात उसतोडीची उचल बघितलीय, मुकादम हंगामाआधी देतो आणि पुढच्या कामातून फेडून घेतो. पण ती न केलेल्या कामाची. इथे माझी हजेरी लागलेली, घाम गाळून झालेला, मग माझेच पैसे मला द्यायला 29 रुपये कसले?

सॅन_होजेकर
हाच वाद इकडे अमेरिकेत बरीच वर्षं चाललाय. नेवाडाने 2023 मध्ये कायदा केला, याला कर्ज म्हणायचं नाही, पण अ‍ॅपच्या कंपनीने परवाना घ्यायचा आणि पैसे फुकटात मिळायचाही एक मार्ग ठेवायचा. आमच्या कॅलिफोर्नियात उलट, फेब्रुवारी 2025 पासूनच्या नियमात हे कर्जच, आणि अ‍ॅप जी 'टीप' (बक्षिसी) मागतं तीसुद्धा खर्चात धरतात. इथल्या केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण संस्थेने 2024 च्या जुलैत सरासरी वार्षिक दर 109.5 टक्के निघतो असं सांगून कर्जाचे नियम लावायचा प्रस्ताव आणला होता, सरकार बदललं आणि 2025 मध्ये तो बारगळला. त्याच अहवालात होतं की एक कामगार वर्षाला सरासरी 27 वेळा पैसे काढतो. लेथवाले, सवय तुम्हालाच लागलेली नाही :)

ताई_पीएफवाली
सर, नावावर जाऊ नका, पैसा कुणाचा ते विचारा. कंपनीचा असेल तर ती उचल, पगारातून कापता येते, फक्त सगळी कटिंग मिळून पगाराच्या 50 टक्क्यांवर जाता कामा नये. पण मागे एनबीएफसी (बँक नसलेली, कर्ज देणारी वित्त कंपनी) असेल तर ते सरळ डिजिटल कर्ज, त्याला रिझर्व्ह बँकेचे 2022 पासूनचे नियम लागतात, पैसे थेट कामगाराच्या खात्यात आणि आधी वार्षिक दर लिहिलेला कागद दाखवायचा. आणि तुमच्या ठेकेदाराचं काय? त्याने 7 ला पगारच दिला नाही तर अ‍ॅप कुणाकडून वसूल करणार ते करारात बघा, सगळं तिथेच अडतं.

चाकणचा_एचआर
ताई, अ‍ॅपवाल्याला विचारलं. आधी नुसता हसला, मग म्हणाला पैसा एनबीएफसीचा. दर लिहिलेला कागद मागितला तर मेल करतो म्हणाला, चार दिवस झाले. मालकांना हिशेबनीसांचा आकडा दाखवला, ते म्हणाले मग आपणच 20 तारखेला उचल देऊ, फी न घेता, झालेल्या हजेरीच्या निम्मी. ठेकेदाराच्या माणसांचं अजून अडलंय, तो तयार नाही.

लेथवाला_भोसरी
साहेब 20 नको, 15 करा. शाळेचे मेसेज 15 लाच येतात.